नेमलेली आणि निवडलेली

"कोरीन, अगं, माझा हेन्री कुठं गेला?"

स्मशानभूमीच्या मधल्या वाटेवर जेरेनियमची कुंडी छातीशी धरून मिसेस ट्रॉयाक उभ्या होत्या. त्यांच्या चारही बाजूंना निम्मे कार्विन गाव गुडघ्यांवर बसून माती उकरत होते. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी हे दरवर्षी ठरलेले असे. मेलेल्यांना झेंडे आणि फुले, आणि मग जिवंतांचे जेवण.

कोरीन हसत पुढे गेली आणि तिने म्हातारीच्या खांद्यावर हात टाकला. "हेन्री कुठं जातायत, मिसेस ट्रॉयाक? जिवंत असताना तरी ते संध्याकाळी सातनंतर घराबाहेर पडत होते का?" म्हातारी खुदकन हसली. मग कोरीनने मान किंचित मागे वळवली. "बर्निस?"

"ब्लॉक नऊ, रांग चार, सहावी जागा," बर्निस म्हणाली. तिने मान वर केली नाही. "नळापासून डावीकडं."

"चला, मी नेते," कोरीन म्हणाली. मिसेस ट्रॉयाकनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. "तू आहेस म्हणून बरं आहे बाई. तुझ्या बापासारखीच तू. गावातला एकेक माणूस पाठ."

बर्निसने खुरपे जरा जास्तच खोल घातले आणि जेरेनियमचे मूळ तुटले. तिने ते रोप तसेच लावून वर माती दाबली. समोरच्या दगडावर अँटन मारोल्ट हे तिच्या बापाचे नाव होते आणि त्याखाली एकच ओळ होती: अठ्ठावीस वर्षे या नगराचा चिटणीस. कबरींच्या जागा, कुत्र्यांचे परवाने, सभांची इतिवृत्ते, निवडणुका, नगराची मोहोर, हे सगळे कार्विनमध्ये चिटणिसाकडे असे. आणि चिटणिसाला लोक दर चार वर्षांनी मत देऊन निवडत. एकशेतीन वर्षांपूर्वीच्या नगराच्या सनदेत तसे लिहिले होते. उपचिटणिसाबद्दल त्याच सनदेत दीड ओळ होती: चिटणीस त्याची नेमणूक करील आणि कारण न देता त्याला दूर करू शकेल. ती दीड ओळ बर्निस कोस्की सव्वीस वर्षे जगत आली होती. पहिली चौदा वर्षे बापाच्या हाताखाली, आणि पुढची बारा धाकट्या बहिणीच्या, कोरीनच्या.

ज्या उन्हाळ्यात बापाने निवृत्त व्हायचे ठरवले, त्या उन्हाळ्याची आठवण तिला अजूनही अंगावर सांडलेल्या चहासारखी चटका देई. अर्जांची मुदत संपायला चार दिवस होते. बर्निस वाट पाहत होती. कोणी तरी म्हणेल, 'बर्निस, आता तू.' ते इतके उघड होते की तिने स्वतः तोंड उघडणे तिला हावरटपणाचे वाटले. आणि मग रविवारच्या जेवणात, डुलुथहून घटस्फोट घेऊन नुकत्याच परतलेल्या, नोकरी नसलेल्या कोरीनच्या ताटात मांसाचा तुकडा वाढता वाढता बाप म्हणाला होता, "कोरीन उभी राहील. लोकांना ती आवडते. शिवाय आडनाव पुन्हा मारोल्ट लावलंय तिनं. कोस्कीला कोण मत देणार?" बर्निसचा नवरा, बिचारा पेकाक कोस्की, तेव्हा जिवंत होता आणि त्याच टेबलावर बटाटे खात होता. तो ओशाळे हसला. बर्निसही हसली. त्या हसण्याची किंमत ती तेव्हापासून रोज सकाळी आठ ते दुपारी साडेचार मोजत आली होती.

पण आता दिवस फिरले होते. दोन वर्षांपूर्वी जिल्हा न्यायाधीशांनी सनद नव्याने लिहिणाऱ्या समितीवर तिची नेमणूक केली. पहिल्याच बैठकीत समितीने तिला कार्यवाह केले, कारण जुनी सनद पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेली ती एकटीच होती. नव्या मसुद्यातले जवळजवळ प्रत्येक वाक्य तिच्या हातचे होते. तिसरे कलमही तिचेच होते: चिटणीस यापुढे निवडला जाणार नाही, त्याला नगरसभा नेमील, आणि नेमणुकीसाठी त्या कार्यालयातला किमान पंधरा वर्षांचा सलग अनुभव लागेल. सातही नगरसेवकांनी एकमताने होकार दिला तर हा बदल लोकांच्या मताला न टाकता थेट अंमलात येणार होता आणि नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवरून चिटणिसाचे पदच नाहीसे होणार होते. सभा परवा, बुधवारी होती. सहा जणांचा होकार तिने मिळवला होता. सातवा नगरसेवक तिचा सख्खा भाऊ रूडी होता.

नळाजवळ कोरीन आता मिसेस ट्रॉयाकसाठी कुंडीत पाणी घालत होती, आणि आणखी दोघे जण तिच्याशी बोलायला थांबले होते. बर्निसने हात झटकले. 'बुधवारपर्यंत,' ती मनाशी म्हणाली. 'बुधवारनंतर हसत बस.'

*

आईचे घर मुख्य रस्त्यापासून तिसऱ्या गल्लीत होते. खाणीतले सुरुंग अजूनही आठवड्यातून दोनदा त्याच्या काचा हलवत. पॉला मारोल्ट एक्क्याऐंशी वर्षांची होती आणि ओट्याची मालकी तिने अद्याप कोणाच्या हाती दिली नव्हती. टेबलावर कोबीच्या पानात गुंडाळलेले सारमे होते, बडीशेप लावून भाजलेले डुकराचे मांस होते, आणि मधोमध बर्निसने शनिवारी केलेली पोटिट्सा होती. तिचे पीठ टेबलभर कागदासारखे पातळ ताणायला तीन तास लागत. कापल्यावर अक्रोडाच्या सारणाचा तपकिरी भोवरा इतका नेटका दिसे की सुरी घालायला संकोच वाटावा.

"सुंदर झालीय," आई म्हणाली. "कोरीन, ही तू ये-जा करणाऱ्यांना दे गं पुढं नेऊन. तुझ्या हातून लोक जास्त खातात."

"आई, ती बर्निसनं केलीय," कोरीन म्हणाली.

"ठाऊक आहे मला कुणी केलीय. मी देण्याबद्दल बोलतेय."

रूडीची बायको डार्ला काटे-चमचे मांडत होती. ती बर्निसच्या कानाशी आली. "बघितलंस? तेवीस वर्षं झाली मला या घरात. माझ्या हातचं लोणचंसुद्धा कोरीनच्या हातून गोड लागतं यांना." डार्लाचे कोरीनशी कधी उघड भांडण झाले नव्हते. पण रूडी गाडी घेण्यापासून छपराचा रंग निवडण्यापर्यंत प्रत्येक गोष्ट आधी कोरीनला विचारी, आणि डार्लाला ते जिव्हारी लागे. म्हणूनच गेला महिनाभर ती बर्निसच्या बाजूने होती. बर्निसला याची पुरती जाणीव होती. या घरात मैत्रीपेक्षा समान दुखणे जास्त टिकते, हे तिला फार पूर्वीच कळले होते.

जेवण सुरू झाले. हॉकीच्या मैदानाचे छत, तळ्याकाठच्या झोपडीत झालेले उंदीर, शेजाऱ्यांचा नवा ट्रक असे विषय फिरत राहिले. मुद्द्याचे कोणी बोलेना. शेवटी डार्लानेच ठिणगी टाकली.

"मग रूडी, बुधवारी काय करणार? सगळं गाव मला विचारतंय. मी काय सांगू?"

रूडी घास चावत राहिला. तो खाणीत लोडर चालवी. अंगाने थोराड, बोलायला संथ. शाळेत त्याला वाचता येत नाही म्हणून मुले हसत, आणि तेव्हापासून तो कोणताही कागद दोनदा वाचल्याखेरीज खाली ठेवत नसे. पण ही गोष्ट बर्निसला आज दुपारपर्यंत कधी महत्त्वाची वाटली नव्हती.

"सांग, की नवरा जेवतोय," तो म्हणाला.

"हे बघ रूडी," बर्निसने आवाज सभेतल्यासारखा सरळ ठेवला. "यात घरचं काही नाही. चिटणीस म्हणजे कारभाराचं पद आहे, लोकप्रियतेचं नाही. निवडणूक घेणारा माणूसच निवडणुकीला उभा राहतो, हे कुठल्या शहाणपणात बसतं? शेजारच्या चार गावांनी हे पद कधीच नेमणुकीचं केलंय. आज चांगली माणसं आहेत म्हणून ठीक चाललंय. उद्या कुणी भुरटा हसतमुख माणूस निवडून आला, तर?"

"हसतमुख," कोरीन म्हणाली आणि पाण्याचा पेला उचलला.

"तुला उद्देशून नाही म्हटलं."

"नाही कसं? आपल्या घरात दुसरं हसतमुख कोण आहे?"

आईने काटा ताटाच्या कडेवर ठेवला. "तुमच्या बापानं अठ्ठावीस वर्षं दारोदार जाऊन मतं मागितली. उन्हातान्हात, बर्फात. त्याला कुणी नेमलं नव्हतं. लोकांनी उचलून खुर्चीत बसवलं होतं. आता लोकांना काय कळतं म्हणून ती खुर्ची सात जणांच्या हातात द्यायची? माझ्या जिवात जीव आहे तोवर मला हे पटायचं नाही."

"आई, बाबांनी दारोदार फिरून मतं मागितली, हे खरं," बर्निस म्हणाली. "पण ते दारोदार फिरत होते तेव्हा कचेरी कोण सांभाळत होतं?"

"तू सांभाळत होतीस. मी नाही कुठं म्हणाले?"

"नाही म्हणत नाहीस. हो पण कधी म्हणाली नाहीस."

बर्निसला स्वतःच्याच आवाजाचे आश्चर्य वाटले. असे वाक्य आपल्या पोटात तयार होऊन बसले होते हे तिला ठाऊक नव्हते. डार्लाने टेबलाखालून तिचा गुडघा दाबला.

"रूडी," अचानक कोरीन म्हणाली, "तू हो म्हण."

बर्निसने तिच्याकडे पाहिले. कोरीनच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. ती पोटिट्साच्या तुकड्यातला अक्रोड काट्याने वेगळा करत बसली होती.

"काय म्हणालीस?" आईने विचारले.

"हो म्हण म्हणाले. मला दमायला झालंय, आई. बारा वर्षं झाली. वाण्याच्या दुकानात दूध आणायला गेलं तरी माणूस मत देणाराय की नाही हे बघून नमस्कार करायचा. लग्न, बारसं, मयत, एक चुकवायचं नाही. बर्निसला हवंय ना ते पद? मिळू दे तिला."

बर्निसला आनंद व्हायला हवा होता. सातवे मत तिच्या ओटीत पडत होते. पण तिच्या छातीत जे हलले ते आनंदासारखे नव्हते. बारा वर्षे आपण जिच्यासाठी रात्रंदिवस जळलो, ती वस्तू ही बाई नको झालेल्या कोटासारखी खांद्यावरून उतरवून देते आहे, आणि वर सगळ्यांच्या देखत उदारही ठरते आहे! आईचे डोळे पाणावले होते, तेही कोरीनसाठीच.

"बघा, किती मोठं मन," आई म्हणाली.

"मग झालं तर," डार्ला खुशीत म्हणाली. "रूडी हो म्हणेल, बर्निसची नेमणूक होईल, आणि घरातलं पद घरात राहील. कॉफी टाकू?"

"नाही होणार," रूडी म्हणाला.

त्याने नॅपकिनने हात पुसले, पँटच्या मागच्या खिशातून गुंडाळी झालेला मसुदा काढला आणि ताट बाजूला सारून तो टेबलावर सपाट केला. पानांच्या कडा काळपट झाल्या होत्या. अनेक ओळींखाली पेन्सिलीच्या रेघा होत्या.

"बारावं कलम. हितसंबंध. पोटकलम चार," तो म्हणाला, आणि बोट ओळीखाली ठेवून सावकाश वाचू लागला. "'नगरसभेने नेमावयाच्या कोणत्याही पदावर विद्यमान नगरसेवकाची पत्नी, पती, आईवडील, अपत्य अथवा भावंड यांची नेमणूक करता येणार नाही.'" त्याने वर पाहिले. "मी नगरसेवक. तू माझं भावंड."

बर्निसला ती ओळ पाठ होती. जुन्या सनदेतले बारावे कलम समितीने अक्षराचाही बदल न करता उचलले होते. तिनेच सुचवले होते, 'हे उत्तम आहे, याला हात नको.' सव्वीस वर्षे त्या कलमाचा आणि तिचा संबंध आला नव्हता, कारण उपचिटणिसाला नगरसभा नेमत नाही, चिटणीस नेमतो. आणि चिटणिसाला कोणी नेमतच नव्हते, त्याला लोक निवडत होते. निवडून येणाऱ्याला भाऊ असला काय आणि नसला काय. तिने स्वतःच्या हाताने तिसऱ्या कलमात 'निवडील' खोडून 'नेमील' लिहिले, आणि त्या एका क्षणात बाराव्या कलमाचे दार तिच्याच तोंडावर बंद झाले. मांजराने डोळे मिटून दूध प्यावे तसे तिने नऊ पाने पुढचे कलम पाहिलेच नव्हते.

"तू वाचलंस हे?" ती कशीबशी म्हणाली.

"तू लिहिलं होतंस, म्हणून वाचलं," रूडी म्हणाला. "दोनदा. मला वाटलं माझंच चुकतंय, म्हणून तिसऱ्यांदा."

"म्हणजे," डार्लाचा हात कॉफीच्या डब्यावर थांबला, "बर्निस चिटणीस व्हायची, तर रूडीनं राजीनामा द्यायचा?"

"तसंच होतं ते."

"मुळीच नाही!" डार्ला कडाडली. "नऊ वर्षं घासल्यावर कुठं त्याला पाणीपुरवठ्याची समिती मिळालीय. माझा नवरा कुणाच्या खुर्चीसाठी आपली खुर्ची सोडणार नाही. बर्निस, मला तुझ्याबद्दल माया आहे, पण प्रत्येक गोष्टीला सुमार असतो."

महिनाभराची युती कॉफीचे पाणी उकळण्याआधीच मोडली. आणि लगोलग, जसा तराजू एकीकडून हलका झाला की दुसरीकडे कलतो, तशी आई बर्निसकडे झुकली. "का नाही सोडणार? थोरली आहे ती. सव्वीस वर्षं राबलीय. रूडी, तुझं पाणी काय वाहायचं थांबणार आहे?"

"आई, आत्ता म्हणालात जिवात जीव आहे तोवर पटणार नाही!" डार्ला म्हणाली.

"ते नेमण्याबद्दल म्हणाले. हे माझ्या मुलीबद्दल आहे."

"मग असं करू," डार्ला घाईने म्हणाली. "बारावं कलमही बदलून टाका की. सगळी सनद तूच लिहितेयस ना बर्निस? एक ओळ खोडली की काम झालं."

"ते कसं खोडणार?" बर्निस म्हणाली. "नात्यागोत्यातली नेमणूक होऊ नये म्हणून आहे ते. स्वतःच्या सोयीसाठी सनद..."

वाक्य तिथेच अडले. रूडीने नजर मसुद्यावर ठेवली. तिसऱ्या कलमाच्या पानावर 'पंधरा वर्षांचा सलग अनुभव' या शब्दांखाली त्याने दोन रेघा मारल्या होत्या. कार्विनमध्ये ती अट पुरी करणारे एकच माणूस होते. समितीतल्या चौदा सज्जनांनी तिच्यावरच्या विश्वासापोटी ते विचारले नव्हते. शाळेत वाचता न येणाऱ्या भावाने मात्र रेघा मारून ठेवल्या होत्या, आणि तोंडाने एक अक्षर काढले नव्हते.

बर्निस उठली. रिकामी ताटे उचलून ती मोरीशी गेली आणि नळ सोडला. थोड्या वेळाने कोरीन पंचा घेऊन तिच्या शेजारी उभी राहिली.

"तुला माहीत होतं?" बर्निसने विचारले.

"गुरुवारी कळलं. मसुदा जाहीर केल्याच्या नोटिशीवर सही करताना चाळत होते."

"आणि मला सांगितलं नाहीस. वर सगळ्यांसमोर मनाचा मोठेपणा दाखवलास."

कोरीनने एक ताट पुसले, ते आधीच कोरडे होते. "दमलेय ते खरं आहे. पण न सांगण्याचं कारण वेगळं." तिने आवाज खाली आणला. "मला बघायचं होतं. एकदा तरी तू चुकलेली. सात जणांसमोर, भर सभेत, नगराच्या वकिलानं उभं राहून सांगायला हवं होतं, की मिसेस कोस्की, बारावं कलम विसरलात. मी चार दिवस रात्री झोपताना तेच डोळ्यांसमोर आणत होते. बरं वाटायचं."

"कोरीन!"

"मग काय? लोक माझ्याशी बोलतात गं, पण विश्वास तुझ्यावर ठेवतात. महापौर माझ्या टेबलाशी येऊन हवापाण्याच्या गोष्टी करतो आणि कागद तुझ्या टेबलावर ठेवून जातो. बारा वर्षांत एकानंही मला विचारलं नाही, 'कोरीन, कायदा काय म्हणतो?' माझी सही म्हणजे दाराला लावलेलं तोरण. तुला वाटतं, जळायचा मक्ता तुझ्या एकटीकडंच आहे?"

बर्निसने नळ बंद केला. या बहिणीबद्दल आपल्याला सगळे काही माहीत आहे, अशी तिची समजूत होती. मतांचे आकडे, सुट्यांचे अर्ज, साखरेच्या गोळ्या कधी घ्यायच्या. हे माहीत नव्हते. तिला दया यायला हवी होती. पण तिला आधी सूक्ष्म, लाजिरवाणा आनंद झाला, आणि मग त्या आनंदाची लाज वाटली.

"अर्जाची मुदत पुढच्या मंगळवारपर्यंत आहे," कोरीन म्हणाली. "मी भरत नाही. तू भर. निवडून आलीस की बारावं कलम तुला लागू नाही. रूडी राहील, डार्ला गप्प बसेल."

"मला मतं मागता येत नाहीत."

"मागायची कुणाकडं? समोर कुणी नसेल."

बर्निसने हात पुसले. ती परत टेबलाशी आली आणि भावासमोर उभी राहिली.

"रूडी, बुधवारी नाही म्हण."

"नक्की?"

"तिसरं कलम वाईट नाही. पण मी ते चांगल्या मनानं लिहिलेलं नाही. पुन्हा कुणी तरी दुसऱ्यानं लिहावं."

रूडीने मसुद्याची गुंडाळी करून खिशात घातली. "मी तसंही नाहीच म्हणणार होतो," तो म्हणाला. "फक्त कुणाला तोंडघशी न पाडता कसं म्हणायचं, ते जमत नव्हतं."

*

बुधवारी ठराव सहा विरुद्ध एक असा, एकमताअभावी पडला. गावात दोन दिवस चर्चा झाली. मारोल्टांच्या घरातले भांडण चव्हाट्यावर येणार म्हणून काहींनी कान टवकारले, आणि काहीच आले नाही म्हणून ते निराश झाले. गुरुवारपर्यंत कोरीन उभी राहणार नाही ही बातमी पसरली होती. शुक्रवारी दोन बायका कचेरीत येऊन तिच्या गळ्यात पडून रडल्या. बर्निस शेजारच्या टेबलावर इतिवृत्त टंकत होती. त्या बायकांपैकी एकीने निघताना तिला विचारले, "मग आता हे सगळं बघणार कोण गं?" आणि उत्तराची वाट न पाहता ती गेली.

मंगळवारी दुपारी तीन वाजेपर्यंत चिटणीसपदासाठी एकही अर्ज आला नव्हता. सव्वातीनला बर्निस आपल्या टेबलावरून उठली, कचेरीच्या दाराबाहेर गेली, वळसा घालून लोकांच्या बाजूने खिडकीशी आली आणि भरलेला अर्ज तिने काउंटरवर ठेवला. सव्वीस वर्षांत ती या बाजूला प्रथमच उभी होती. इथून कचेरी लहान दिसत होती आणि आत बसलेली कोरीन मोठी.

कोरीनने अर्ज वाचला. प्रत्येक रकाना. "उजवा हात वर करा," ती म्हणाली.

बर्निसने हात वर केला. मी या नगराची रहिवासी आहे, मतदार आहे, दुसऱ्या कोणत्याही पदासाठी अर्ज केलेला नाही, हे कोरीन एकेक ओळ सांगत गेली आणि बर्निस तिच्या मागोमाग म्हणत गेली. मजकूर तिला पाठ होता. इतरांकडून तो वदवून घेताना तिला कधी अवघड वाटले नव्हते. आज स्वतःचे नाव मात्र तिला दोनदा घ्यावे लागले.

कोरीनने शिक्का मारला, वेळ लिहिली आणि सही केली. "झालं. बिनविरोध. अभिनंदन, ताई."

तिने 'ताई' म्हटले ते चिडवायला की मनापासून, हे बर्निसला ओळखता आले नाही. ती जागची हलली नाही. बिनविरोध हा शब्द कानात शिरला आणि तिथे खड्यासारखा टोचत राहिला. नोव्हेंबरमध्ये लोक मतपत्रिकेवर एकच नाव पाहतील. जे मिळेल ते धाकटीने सोडलेले असेल. आणि म्हातारपणी, याच खुर्चीवरून उठताना, आपण कोणाला सांगणार की हे आपण मिळवले?

ती पुन्हा वळसा घालून आत आली, फडताळातून कोरा अर्ज काढला आणि कोरीनच्या पुढ्यात ठेवला.

"भर."

"वेडी झालीस?"

"भर म्हणते ना. तासभर आहे अजून."

"बर्निस, मी उभी राहिले तर तू हरशील. हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, गावातल्या कुत्र्यांना माहीत आहे."

"त्यांचे परवाने मीच देते. बघू की किती मतं पडतात. सत्तर पडू देत, सातशे पडू देत, ती माझी असतील. बाबांनी मला तेवढंही करू दिलं नाही, आणि मीही कधी स्वतःला करू दिलं नाही. तू दयाबुद्धीनं सोडलेली जागा मला नको. तू माझ्यावर जळतेस म्हणालीस ना? मग समोर उभी राहून जळ."

कोरीनने कोऱ्या अर्जावरून नजर उचलून तिच्याकडे पाहिले. थकवा तिच्या डोळ्यांखाली होताच; पण त्याच्यावर हळूहळू काही तरी वेगळे चढत गेले. लहानपणी बर्फावर शर्यत लावताना तिच्या चेहऱ्यावर जे येई तेच.

"आणि मी जिंकले, तर दुसऱ्या दिवशी तुला काढून टाकू शकते," ती म्हणाली. "कारण न देता. सनदेत आहे."

"दीड ओळ आहे. मला पाठ आहे."

"आणि तू जिंकलीस तर?"

"तर तुला उपचिटणीस नेमीन. कायदा काय म्हणतो, ते मग लोक तुला विचारतील."

कोरीन हसली, पण लोकांसाठी हसायची तशी नाही. तिने पेन उचलले आणि लिहायला बसली. तिचे अक्षर वळणदार होते, भरघोस, कोणालाही आवडावे असे. आणि ते पाहताना बर्निसच्या पोटात नेहमीची ती कळ उठली, रतीभरही कमी न झालेली. तिने ती उठू दिली.

लिहून झाल्यावर कोरीनने कागद सरकवला. चिटणिसाला स्वतःच स्वतःला शपथ देता येत नाही. ती उपचिटणिसाने द्यायची. बर्निस काउंटरच्या आत ताठ उभी राहिली आणि कोरीन उठून बाहेरच्या बाजूला गेली.

"उजवा हात वर करा," बर्निस म्हणाली. "माझ्यामागून म्हणा. मी, कोरीन मारोल्ट..."

"मी, कोरीन मारोल्ट," कोरीन पुटपुटली.

"मोठ्यानं," बर्निस म्हणाली. "मला नीट ऐकू आलं पाहिजे."